पाण्यातून वर आणलेला दगड

आमच्या खात्यात ऋतू दोनच, चिखल आणि मोजणी. धानाच्या रोवणीपासून दिवाळीपर्यंत बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांमध्ये, पाणी असतं, मग उभं धान असतं. तेव्हा आम्हाला कुणी शेतात बोलवत नाही आणि आम्हीही चपला हातात घेऊन कुठं जात नाही. दिवाळी उलटली, कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत आडव्या पडल्या, की एकाएकी साऱ्यांना आपापली हद्द आठवते. टेबलावर अर्जांची चवड चढते, तारखा पडतात, लगतवाल्यांना नोटिसा जातात, आणि कपाटाच्या तळाशी चार महिने पडून असलेली यंत्राची पेटी बाहेर निघते.

परवा ती पेटी उघडली. खांबाचे तुकडे जोडले, वरचा गोल डोक्याचा भाग बसवला, बॅटरी चढवली, आणि लगेच सगळं उतरवून पुन्हा एकदा जोडून बघितलं. त्यात नवीन काही नाही, दर वर्षी असंच होतं. पहिल्या मोजणीच्या आदल्या दिवशी मला जेवण जात नाही, घरच्यांवर उगाच चिडचिड होते, पिशवीत नकाशाची प्रत घेतली का हे मी चार वेळा बघते. आई म्हणते, परीक्षा देऊन नोकरी लागली, आता कसली परीक्षा? तिला काय सांगू. परीक्षेत नापास झालं तर आपलंच वर्ष जातं.

मी भूकरमापक आहे. गावातले लोक मोजणीवाली बाई म्हणतात, ते मला जास्त आवडतं. सध्या पवनी तालुक्यात आहे. सहा वर्षांपूर्वी लाखांदूर तालुक्यात होते, आणि हातात यंत्र आल्याचा तो पहिलाच हंगाम होता. त्याआधी मी साखळी आणि फळी शिकलेली. फळी म्हणजे तीन पायांवरचा लाकडी पाट, त्यावर कागद, आणि उन्हात डोळे बारीक करून काढलेल्या रेघा. अख्खा दिवस जायचा एका शेताला. यंत्र आलं आणि तेच काम तासाभरात व्हायला लागलं. खांब जमिनीवर टेकवायचा, खांबावरच्या काचेतला बुडबुडा मधोमध आणायचा आणि वाट बघायची. वर फिरणाऱ्या उपग्रहांची हाक त्या गोल डोक्यात येते, मोबाईलच्या जाळ्यातून दुरुस्ती येते, आणि हातातल्या पडद्यावर आधी 'फ्लोट' असं येतं. म्हणजे अजून डळमळतंय. मग एकदम 'फिक्स' येतं, यंत्र बारीकसा आवाज करतं, आणि आपण उभ्या पृथ्वीवर नेमके कुठं आहोत ते कळतं. दोन बोटांचा फरक, त्याहून जास्त नाही.

त्या आवाजाचं मला व्यसन लागलं होतं, खोटं कशाला बोलू. तीस वर्षांची होते, हातात नवं यंत्र होतं, आणि गावच्या गाव माझ्याभोवती गोळा व्हायचं. मोठे मोठे मिशांवाले पाटील विचारायचे, "मॅडम, पक्कं ना?" आणि मी म्हणायचे, "पक्कं. वरून बघतात उपग्रह." उचलली जीभ लावली टाळ्याला.

आमच्याबरोबर गोमाजी असत. खात्यातले जुने शिपाई, साखळी ओढण्यात उमर गेलेली, दिघोरीच्या अलीकडच्या एका गावचे. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. यंत्राशी त्यांचं वैर नव्हतं, पण ते त्याला पिशवीतून काढायच्या आधी एक काम करायचे. गावातलं सगळ्यात म्हातारं माणूस शोधायचे, त्याच्याजवळ बसायचे, तंबाखू मळायचे आणि विचारायचे, "बाबा, चांद्याचा गोटा कोठं आहे? पह्यलेपासून तेथंच आहे का?" चांदा म्हणजे इंग्रजांच्या वेळच्या मोजणीत रोवलेला खुणेचा दगड. आमचे सगळे जुने नकाशे त्या दगडांना टांगलेले आहेत. तो दगड सापडला तर नकाशा जमिनीवर बसवता येतो, नाही सापडला तर दिवसभर कपाळाला हात.

मला त्या तंबाखूच्या बैठकांचा कंटाळा यायचा. अर्धा तास तिथंच जायचा. म्हातारा माणूस चांद्यावरून गावच्या जुन्या जमीनदारावर, मालगुजारावर जायचा, मालगुजारावरून आपल्या गुडघ्यावर. मी घड्याळ बघत उभी. गोमाजी एकदा म्हणाले, "मॅडम, मोजाच्या आंदी गावाले पुसाव. गावाले सारं मालूम असते, पन पुसल्याबिगर सांगत नाही." मी हसून मान डोलावली होती.

मग गोमाजींच्या मुलीचं बाळंतपण आलं आणि ते दोन आठवड्यांच्या रजेवर गेले. त्याच दोन आठवड्यांत त्यांच्या शेजारच्या गावची मोजणी लागली.

त्या दिवसाची सकाळ मला जशीच्या तशी आठवते. कापलेल्या धानाचा तो ओला, गोडसर वास, जो फक्त पंधरा दिवस असतो. बांधीत खुंट उरलेले, चालताना घोट्याला ओरखडे काढणारे, आणि त्या खुंटांच्या मधून लाखोळी डाळीचे कोवळे वेल वर आलेले, पाय कुठं ठेवावा कळू नये असे. पलीकडे कडपांच्या गंजी, म्हणजे पुंजणे, रचायचं काम चालू होतं. गावाच्या कडेला मोठा तलाव, काठोकाठ भरलेला, आणि काठाला शिंगाड्याचे वेल. आजही शिंगाडा बाजारात दिसला की माझा हात आखडतो.

अर्जदार होते रमेशभाऊ. शेती आणि गावात धानाचा छोटा व्यापार, बोलायला सरळ माणूस. म्हणाले, "मॅडम, मले कोनाची बोटभर जागा नको. पन माही जेवढी आहे तेवढी दाखवून द्या. पोरायची वाटणी कराची आहे." त्यांच्या शेताच्या टोकाला लागून भागरताबाईचं घर. दोन खोल्यांचं, मातीच्या भिंतींचं, वर कवेलूंचं छप्पर. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, मुलगा हैदराबादकडे मजुरीला. बाई तलावात मासोळ्या धरायची, शिंगाडे काढायची, दिघोरीच्या बाजारात नेऊन विकायची आणि संध्याकाळी येऊन मागच्या खोलीत चूल पेटवायची. त्या खोलीची मागची भिंत आणि रमेशभाऊंचं शेत यांच्यात कुठंतरी ती हद्द होती, जी मला दाखवायची होती.

चांदा शोधायला वेळ लागला नाही. तलावाच्या काठावर मोहाचं झाड, झाडाखाली ओटा, ओट्यावर दगड. शेंदरानं लाल झालेला, समोर मातीचे घोडे, कोंबडीची पिसं. पण शेंदूर जरा खरवडला तर डोक्यावर इंग्रजांच्या वेळची फुलीची खूण स्पष्ट. आमच्याकडे हे नवीन नाही. गावानं देव केलेले चांदे मी पुष्कळ पाहिलेत. माझ्या मते तर ते बरंच, देवाला कुणी हात लावत नाही, म्हणजे दगड जागेवर राहतो. नारळ फोडला, हात जोडले, माफी मागितली आणि देवाच्या डोक्यावर खांब टेकवला.

भागरताबाई पुढं आली. "बाई, थ्या देवाले..."

"नमस्कार केला मावशी. नारळही फोडला. आता तेवढ्या बाजूला व्हा, सिग्नल अडतो."

ती बाजूला झाली. माणसानं सिग्नल तेवढा अडत नाही, झाडानं अडतो. मोहाच्या दाट पानांखाली पडदा 'फ्लोट'वर अडून बसला होता आणि मला त्याचीच काळजी लागली होती. पाच मिनिटं, दहा मिनिटं. लोक बघताहेत, रमेशभाऊ घड्याळ बघताहेत, माझ्या पाठीवरून घाम उतरतोय. पाव तासानं 'फिक्स' आलं तेव्हा मला इतकं हायसं वाटलं, की त्यापुढं दुसरी काही काळजी करायची असते हेच मी विसरले. माझी सारी अक्कल त्या फिक्समध्ये खर्च झाली होती.

नकाशा बसवायला मी हा दगड आणि रस्त्याकडचा एक जुना दगड धरला. त्या दोघांवर नकाशा ठेवला, तर शेतांच्या धुऱ्यांचे, म्हणजे हद्दीच्या बांधांचे, तीन कोपरे नकाशाशी जुळेनात. कुठं चार फूट, कुठं पाच. प्रशिक्षणात आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेलं वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं: धुरा हलतो, दगड हलत नाही. खरंच आहे ते. दर वर्षी नांगराच्या एका तासाएवढा धुरा खाणारे शेतकरी मी पाहिलेत. म्हणून मी म्हटलं, धुरे सरकलेत. आज विचार करते तर अंगावर काटा येतो. तिन्ही कोपरे एकाच बाजूला सरकले होते. तीन वेगवेगळ्या शेतांतले तीन वेगवेगळे लोक, तिघंही एकाच दिशेला कसे चोरतील? एवढं साधं गणित शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. मला कळलं नाही, कारण माझ्याकडे फिक्स होतं.

चुन्याची रेघ रमेशभाऊंच्या शेतातून निघाली आणि भागरताबाईच्या मागच्या भिंतीला जाऊन भिडली. तिथं थांबायला तयार नव्हती. नकाशाप्रमाणं ती भिंतीच्या आत तीनेक फूट जात होती, चूल शेताच्या बाजूला सोडून. मी दोन्ही बाजूंना खुंट्या मारल्या.

"माही चूल तिकडं गेली का?" भागरताबाईनं विचारलं. रडून नाही, ओरडून नाही, मासोळीचा भाव विचारावा तसं.

"हो मावशी. नकाशात तसं येतंय."

"पक्कं?"

"पक्कं," मी म्हटलं. "यात दोन बोटांचाही फरक पडत नाही."

रमेशभाऊ मान खाली घालून उभे होते. त्यांनाही एवढं नको होतं, पण आता कागदावर आलं होतं. आम्ही सामान आवरलं तेव्हा भागरताबाई आत गेली आणि पळसाच्या पानावर उकडलेले शिंगाडे घेऊन आली, काळे, वाफाळणारे. "उन्हात उभी होती सकाळपासून," म्हणाली. मी ते परतीच्या एसटीत खाल्ले. चवीचे होते, सगळे खाल्ले.

यंत्राबद्दल मी कुणाला वाईट बोलू देत नाही. लोक म्हणतात, जुनी साखळीच बरी होती. बरी कसली, साखळी उन्हात वाढायची, ओढणाऱ्याच्या मनाप्रमाणं सैल पडायची. यंत्र खोटं बोलत नाही. मी कुठं उभी आहे ते मला बरोबर सांगतं. पण शंभर वर्षांपूर्वी कुणी गोरा साहेब आणि त्याचा देशी मोजणीदार याच मातीत कुठं उभे होते, ते त्याला ठाऊक नाही. ते शोधायचं काम माझं आहे आणि त्याला कुठलाही उपग्रह मदत करत नाही. ही गोष्ट आता मी नव्या मुलामुलींना सांगते, तेव्हा ती वहीत लिहून घेतात. मी कुठून शिकले ते त्यांना सांगत नाही.

गोमाजी रजेवरून आले ते एका सोमवारी. नातू झाला म्हणून पेढे घेऊन आले होते. मी पेढा तोंडात टाकत त्यांना मोजणीचा नकाशा दाखवला, जरा मिरवायलाच. झाडाखाली फिक्स कसं मिळवलं ते सांगितलं. त्यांनी नकाशावरच्या चांद्यावर बोट ठेवलं.

"हा मोहाखालचा देव का, मॅडम?"

"हो."

"कोनाले पुसलं होतं का?"

"काय पुसायचं? खूण आहे ना डोक्यावर."

गोमाजींनी डबीतून तंबाखू काढली आणि न मळता परत ठेवली. मग म्हणाले, "थो देव पाण्यात बुडत होता. तलावाची पार उंच केली ना, पाणी चढलं, त्या साली. आखाडीले गाव जमा झालं आन् बैलगाडी लावून वर आणला. मी लहान होतो, पाहाले आलो होतो. किती वर आणला थे काही मले आठवत नाही."

मी नकाशा पुन्हा पुढ्यात ओढला. मला आधी राग आला, तोही गावाचा. दगड हलवतात म्हणजे काय? सरकारी खूण ती. मग लगेच कळलं, त्यांना कुठं ठाऊक होतं ती खूण आहे. त्यांचा देव बुडत होता, त्यांनी त्याला कोरड्यावर आणून बसवलं, वर सावली दिली. मी असते तर दुसरं काय केलं असतं? साऱ्या जिल्ह्यात धुरे सरकतात आणि दगड राहतात. या एका गावात धुरे राहिले होते आणि दगड सरकला होता, भक्तीनं.

गोमाजी म्हणाले, "बुढीले निरोप देऊ का? माह्या गावावरून जवळच आहे. सांजेले जातो."

आणि मी म्हटलं, "थांबा. आधी पक्कं होऊ द्या."

हे वाक्य मी स्वतःला सहा वर्षं माफ केलेलं नाही. पहिल्यांदा नको तितकी खात्री होती, म्हणून चुकले. आता तोंड पोळलं होतं, म्हणून ताकसुद्धा फुंकून प्यायला निघाले. गोमाजींची आठवण लहानपणची, ती चुकीची असेल तर? साहेबांची परवानगी नको का? पुन्हा नोटिसा काढायला नकोत का? दोनदा तोंड उघडायचं आणि दोनदा खोटं पडायचं, त्यापेक्षा थांबू. असं सगळं शहाणपण मी स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती आणि ती चार दिवस पुढं ढकलायची होती.

साहेबांच्या टेबलासमोर उभी राहून सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "यंत्र चुकलं असं लिहू नका, वरून विचारणा होईल."

"यंत्र नाही चुकलं साहेब. मी चुकले."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "मग तसंच लिहा." मी लिहिलं. फेरमोजणीची तारीख पुढच्या सोमवारची पडली. ते मधले दिवस मी देव पाण्यात घालून बसले होते. एवढं होऊनही तोंडात तीच म्हण यावी, काय म्हणावं.

तो आठवडा कसा गेला ते मला सलग आठवत नाही, तुकडे आठवतात. जेवताना भाकरीचा घास तोंडात फिरत राहायचा. कचेरीच्या खिडकीतून धानाचे ट्रॅक्टर जाताना दिसायचे, वर पोती, पोत्यांवर माणसं. ती हसताना दिसली की वाटायचं, यांना एवढं हसू कशाचं येतं. एकदा स्वप्नात नाही, चांगल्या जागेपणी, भर दुपारी, मला वाटलं की पायाखालची फरशी थोडी सरकली. मी टेबलाला धरलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "उपास करता का तुम्ही?"

सोमवारी आम्ही तिघं गेलो. मी, गोमाजी आणि यंत्र. गावाच्या वळणावरून भागरताबाईचं घर दिसलं आणि ते नेहमीपेक्षा बुटकं वाटलं. जवळ गेलो तेव्हा कळलं. मागची खोली नव्हती. भिंत पाडून माती एका बाजूला नीट रचून ठेवलेली होती, कवेलू एकावर एक लावलेले होते, एकही फुटलेला नाही. चूल अंगणात आली होती, तीन दगडांची, आणि तिच्यावर शिंगाडे उकडत होते.

"कधी पाडली, मावशी?"

"बुधवारी."

गोमाजींनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. मागच्या सोमवारी त्यांनी विचारलं होतं, निरोप देऊ का. मध्ये अख्खा मंगळवार होता.

मी तिला सगळं सांगितलं. देवाच्या दगडाचं, नकाशाचं, माझ्या चुकीचं. तिनं ऐकून घेतलं, चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाली, "मंग आता काय कराचं?"

"तो दगड आधी कुठं होता ते कळायला पाहिजे. कुणाला आठवतं का गावात?"

"आठवते म्हंजे?" ती म्हणाली. "रोज तं जातो तेथून."

लुगडं वर खोचून ती तलावात उतरली. सकाळचं पाणी थंडगार होतं, काठावर उभं राहूनच कळत होतं. शिंगाड्याचे वेल हातानं बाजूला सारत ती पुढं गेली, गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत, आणि मग सावकाश चालायला लागली, पायानं चाचपत. तळ्याची माणसं तळाला पायानं वाचतात हे मला तेव्हा कळलं. कुठं गाळ खोल आहे, कुठं खडक आहे, कुठं मरळ मासोळी बसते, सगळं त्यांच्या तळपायात असतं. एका जागी ती थांबली, पाय घोळवला आणि वाकून बुडी घेतल्यासारखं करून मूठभर चिखल वर काढला. आमच्यासमोर मूठ उघडली. चिखलात कोळशाचे तुकडे होते.

"येथं पाय कारा होते," ती म्हणाली. "दुसरीकडं नाही होत."

गोमाजी काठाशी वाकून बघू लागले. "चांद्याखाली कोरसा पुरत, मॅडम," ते म्हणाले. "माह्या गुरूनं सांगितलं होतं. दगड गेला तरी कोरसा राह्यते, थो कुजत नाही. मी जन्मात पाह्यला नव्हता."

मी चपला काढल्या आणि आहे त्या सलवार-कमीजवर पाण्यात उतरले. खांब तिच्या पायाशेजारी टेकवला. तिनं तो खाली हातानं धरला, मी वर बुडबुडा मधोमध आणला. पाण्यावर झाड नव्हतं, डोक्यावर मोकळं आकाश होतं. फिक्स लगेच आलं. यंत्रानं नेहमीसारखा बारीक आवाज केला आणि मला तो मुळीच ऐकवला नाही.

त्या कोळशावर नकाशा बसवला तेव्हा तिन्ही धुऱ्यांचे कोपरे जागच्या जागी आले. दोन बोटं इकडं, तीन बोटं तिकडं. शंभर वर्षं त्या शेतकऱ्यांनी धुरा खाल्ला नव्हता, आणि मी त्यांना चोर ठरवून मोकळी झाले होते. नवी रेघ भागरताबाईच्या पाडलेल्या भिंतीच्या बाहेरून गेली, चांगली हातभर बाहेरून. रमेशभाऊ चुन्यापाशी आले, टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "काकू, माती मी टाकून देतो. उद्याच ट्रॅक्टर लावतो." त्यांनी टाकलीही. भिंत महिन्याभरात उभी राहिली असं गोमाजींकडून कळलं. चूल मात्र पुष्कळ दिवस बाहेरच होती, असंही त्यांनीच सांगितलं. मी पुढच्या वर्षी बदली मागून घेतली.

काल अड्याळच्या बाजूला मोजणी होती. यंत्र पिशवीतच ठेवलं आणि अर्जदाराला विचारलं, गावात सगळ्यात म्हातारं कोण आहे? तो पन्नाशीचा शेतकरी, सकाळपासून मजूर थांबवून बसलेला, चिडलाच. "एवढी मोठी मशीन आणली मॅडम, आन् आता म्हातारीले काय पुसता?" मी तरी पुसलं. एका आजीजवळ अर्धा तास बसले. तिनं चांद्यावरून सुरुवात केली आणि आपल्या गुडघ्यावर येऊन थांबली. दगड जागेवरच होता, तिच्या सासऱ्यांच्या वेळेपासून तिथंच. मग मोजलं. तिघा लगतवाल्यांशी बोलले. सारं जुळलं. तरी चुना टाकताना माझ्या हाताला घाम होता.

शेवटी त्या शेतकऱ्यानं विचारलंच. "पक्कं ना, मॅडम?"

मी म्हटलं, "आज जेवढं कळलं, त्यावरून हद्द इथं आहे. कुणाला काही वेगळं आठवत असेल तर आजच सांगा. मी थांबते." त्याचं समाधान झालं नाही. त्याला एकच शब्द हवा होता, आणि तो काही माझ्या तोंडून निघत नाही. येताना जीपमध्ये खांबाचे तुकडे मांडीवर आडवे धरून बसले होते. दोन्ही बाजूंना पुंजणे, संध्याकाळचं पिवळं ऊन, धानाचा तोच पंधरा दिवसांचा वास. ड्रायव्हरनं विचारलं, दमल्या का? मी हो म्हटलं.

दमले नव्हते. त्या सोमवारचं शेवटचं बोलणं आठवत होतं. आम्ही पाण्यातून बाहेर आलो होतो, दोघींचे पाय चिखलानं काळे, आणि ती अंगणातल्या चुलीपाशी मला पाय शेकायला बसवत होती. मी म्हटलं, "मावशी, भिंत तुमचीच होती."

"मालूम होतं ना मले."

"देव हलवला होता, तेही मालूम होतं?"

"मी सांगत होती. तू म्हटली, बाजूले हो."

"मग हद्द तुमची आहे हे ठाऊक होतं, तर आपल्या हातानं भिंत का पाडली?"

तिनं पळसाच्या पानावर शिंगाडे काढले, माझ्यासमोर सरकवले आणि माझ्याकडे असं बघितलं, की हे काय विचारणं झालं.

"तूच तं म्हटली होती, बाई. पक्कं आहे म्हणून."